दुसरं बारसं

हुपरीत प्रेक्षा मगदूमचं बारसं दोनदा झालं, हे सगळ्या गल्लीला ठाऊक आहे. मगदुमांच्या हौसेला काही सुमार नाही, असं म्हणून लोक अजून हसतात. दुसऱ्या बारशानंतर त्या घरात काय झालं ते मात्र कुणी सांगत नाही. सांगावं तर त्या घरच्या सुनेनं. पण गल्लीतली सगळ्यांत बडबडी म्हणून नाव काढलेली ती सून आता घरात तोंड उघडत नाही.

तिचं नाव त्रिशला, माहेर कुरुंदवाडचं. सासर तिला परकं नव्हतंच. सासू म्हणजे तिच्या वडिलांची सख्खी बहीण, तिची पद्माआत्या. भावाची लेक सून करून आणायची आपल्याकडची जुनी रीत, आणि पद्माआत्यानं तर त्रिशला फ्रॉकात होती तेव्हापासून "ही माझी" म्हणून ठेवलेली. लग्नाआधी त्रिशला अभिनंदनला 'अभ्या' म्हणायची आणि कैरीच्या फोडीवरून त्याचे केस उपटायची. लग्नानंतर त्याला 'अहो' म्हणताना तिला हसू आवरायचं नाही. घरातली पोर घरातच आली म्हणून दोन्हीकडची माणसं खूश होती. यात काही चुकतंय असं तेव्हा कुणाच्या मनातही आलं नाही.

हुपरी चांदीचं गाव. पैंजणाची नक्षी आता संगणक काढतो, डाय, म्हणजे नक्षीचा साचा, लेसरवर कापली जाते, पण घुंगरू अजून बायकांच्या हातानंच बसतो. मगदुमांच्या सोप्यात, घराच्या पुढच्या पडवीत, दिवसभर तेच काम. घुंगरू कडीत अडकवायचा, चिमट्यानं कडी दाबायची आणि कानाशी नेऊन एकदा हलवायचा. वाजला तर पुढं जाऊ द्यायचा. नाही वाजला तर तो मुका, त्याची वाटी वेगळी. त्रिशलाचे हात चालायचे तशी तिची जीभही चालायची, आणि आत्या म्हणायची, "बाई गं, घुंगरू तरी ऐकू दे मला!"

प्रेक्षाचं पहिलं बारसं याच सोप्यात झालं. अभिनंदनला बहीण नाही, म्हणून नाव सांगायचा मान पद्माआत्यानंच घेतला. बाळाच्या कानाला तोंड लावून तिनं नाव सांगितलं, बायकांनी तिच्या पाठीत धपाटे घालत "कुर्रर्र" केलं, सोपा दणाणला. पाळण्यातल्या पोरीची पापणीसुद्धा लवली नाही. "किती गुणाचं, शांत लेकरू!" सगळ्या म्हणाल्या. शांत कसलं! तिच्यापर्यंत त्यातलं काही पोचलंच नव्हतं.

पोरगी बहिरी आहे हे लवकरच कळलं. चालायला ती फार उशिरा लागली, आणि लागली तीही सगळी भिस्त डोळ्यांवर ठेवून. आंघोळीत डोळ्यांत साबण गेला की कोसळायची. लाइट गेली की जागच्या जागी बसून फरशी चाचपायची. रडत बसण्यापेक्षा त्रिशलानं हातांनी बोलायला सुरुवात केली. गालावर खळी पडते तिथं बोट टेकवलं की 'प्रेक्षा'. छातीवर तळवा ठेवला की 'आई'. हाक मारायची तर फरशीवर पाय आपटायचा. तळपायांना हादरा लागला की पोरगी वळून बघायची. दोघींची ही बोली इतकी वाढली की अभिनंदन वैतागून म्हणायचा, "अगं, मला कळेल असं काहीतरी बोला की!"

मग एकदा शेजारच्या कुत्र्यानं अंगावर झेप घेतली आणि प्रेक्षा पांढरीफटक होऊन खाली पडली. शुद्धीवर आली तेव्हा ओठ निळे पडलेले. अभिनंदननं गाडी काढली आणि सगळ्यांना घेऊन मिरज गाठली.

डॉक्टर नाझनीन मुजावर कानाच्या डॉक्टर, पण त्यांनी कानाला हात लावायच्या आधी पोरीच्या छातीला तारा जोडल्या. पडद्यावरची रेघ त्या बराच वेळ बघत राहिल्या, मग रक्त तपासून घेतलं आणि अहवाल हाती आल्यावर सगळ्यांना समोर बसवलं.

"बहिरं मूल घाबरून बेशुद्ध पडलं की मी पहिल्यांदा काळीज बघते," त्या म्हणाल्या. "सांगते का ते. आपल्या कानाच्या अगदी आत पाण्यानं भरलेली एक वळणावळणाची नळी असते. शरीरात इतर ठिकाणी पेशींबाहेरच्या पाण्यात सोडियम जास्त, पोटॅशियम कमी. या नळीत बरोबर उलटं. कानातली एक भिंत जन्मभर हेच काम करते, पाण्यात पोटॅशियम सोडत राहते. त्या पाण्यात बारीक तुरे उभे असतात. आवाज आला की तुरे वाकतात, त्यांची दारं उघडतात, पोटॅशियम आत घुसतं आणि मेंदूला खबर जाते. आपण वाकलो, फिरलो, पडायला लागलो, हे सांगणारे तुरेही त्याच पाण्यात असतात. भिंतीतून पोटॅशियम आलंच नाही, तर ऐकणंही नाही आणि तोलही नाही."

"आणि काळजाचं काय?" त्रिशलानं विचारलं.

"ज्या दारातून भिंत पोटॅशियम सोडते, तेच दार काळजातही आहे. प्रत्येक ठोक्यानंतर पेशीतलं पोटॅशियम बाहेर पडावं लागतं. तेव्हा काळीज सैल होतं, पुढच्या ठोक्याला तयार होतं. हिचं काळीज सैल व्हायला वेळ लावतं. एरवी ते निभावतं. पण भीती, पळापळ, फार मोठा आनंद, असलं काही झालं की ठोके भराभर पडतात. आधीचा ठोका आवरायच्या आत पुढचा येतो, आणि काळीज नुसतं थरथरत राहतं."

"म्हणजे ही दारं घडवायची डायच खोटी आहे म्हणा," अभिनंदन म्हणाला.

"बरोबर. माणसाला प्रत्येक डाय दोन मिळतात, एक आईची, एक वडिलांची. एक खोटी निघाली तरी दुसरीवर भागतं. हिच्या दोन्ही खोट्या आहेत, आणि दोन्हींतली खोट अगदी एकसारखी आहे." डॉक्टरांनी अभिनंदन आणि त्रिशलाकडे आळीपाळीनं बघितलं. "तुम्हा दोघांचं आपसांत काही नातं?"

मग मागच्या खुर्चीतून पद्माआत्याचा आवाज आला. "आते-मामे भावंडं हायेत. मीच मागून आणली पोरगी. भावाच्या दारात बसून, हट्टानं."

"तुम्हाला कसं कळणार होतं, मावशी? तुम्हा कुणाला कधी त्रासच झाला नाही. यात पाप नाही कसलं," डॉक्टर म्हणाल्या. पण आत्याला ते ऐकू गेलं असं वाटलं नाही. ती प्रेक्षाच्या निळसर नखांकडे बघत बसली होती.

मग उपायांचं बोलणं निघालं. एक मार्ग जुना: कानामागे यंत्र बसवायचं. त्यानं शब्द कळतात, आणि नको तेव्हा ते काढून ठेवता येतं. तोल मात्र येत नाही. दुसरा मार्ग गेल्या काही वर्षांतला. बारीक सुईनं कानाच्या आत औषधाचे थेंब सोडायचे. त्या थेंबांत चांगल्या डायची नक्कल असते, ती भिंतीच्या पेशींत शिरते, नवी दारं घडवते आणि कान हळूहळू पोटॅशियमनं भरतो. त्यानं तोल येतो, ऐकूही येतं.

"मग थेंबच द्या की," त्रिशला म्हणाली.

"थांबा. काळजाला ते थेंब देता येत नाहीत अजून. काळीज मोठं, त्याला पुरेल एवढं औषध लहान मुलांना सोसत नाही. मोठ्या माणसांवर प्रयोग चालू आहेत, मुलांपर्यंत यायला बरीच वर्षं जातील. तोवर कानासाठी थांबलं, तर बोलायला शिकायचं मेंदूचं वय निघून जातं. आणि आजवर हिला हिच्या बहिरेपणानंच सांभाळलंय. फटाका, हॉर्न, भांडण, काही पोचलं नाही तिच्यापर्यंत. यंत्र काढून ठेवता येतं. थेंबांचे कान मिटता येत नाहीत."

काळजासाठी रोजचं गोड औषध आणि कातडीखाली एक राखणदार, म्हणजे हरभऱ्याएवढं यंत्र, दोन्ही मार्गांत लागणारच होतं. काळीज थरथरायला लागलं की राखणदार झटका देऊन ठोके जागेवर आणतो. जीव वाचतो. पण माणूस शुद्धीत असेल तर तो झटका फार दुखतो, हेही डॉक्टरांनी सांगून ठेवलं.

परतीच्या वाटेवर अभिनंदन म्हणाला, "यंत्र बसवू. सावधपणानं घेऊ."

"आणि अंधारात ती जन्मभर फरशी चाचपत बसू दे?"

"त्रिशा, तिचा जीव..."

"जीवाचं मला सांगू नका!" त्रिशला भडकली. मग तिचा आवाज एकदम खाली आला. "मी दिवसभर बोलते, अभ्या. सगळ्या गावाशी बोलते. माझ्या पोरीनं माझा एक शब्द ऐकला नाही. यंत्रातून नाही, माझा खरा आवाज ऐकू दे तिला."

लग्नानंतर पहिल्यांदाच ती त्याला अभ्या म्हणाली होती. थेंब द्यायचं ठरलं, आणि ते तिच्या हट्टानं ठरलं, याची तिला नंतर कुणी आठवण करून द्यावी लागली नाही.

राखणदार बसला, थेंब कानांत गेले, आणि आधी तोल आला. आंघोळीत डोळ्यांत साबण गेला तेव्हा प्रेक्षा किंचाळत उभीच राहिली. त्रिशला तांब्या हातात धरून बघत बसली, आणि डोळे धुवायचेत हेच विसरली. मग पोरीनं खेळच लावला. डोळे घट्ट मिटून सोप्यातून न्हाणीघरापर्यंत चालायची, भिंतीवर आपटायची, आणि खदखदून हसायची.

ऐकणं आलं ते कुणाला कळलंही नसतं. सोप्यात बायका घुंगरू हलवून बघतात हे प्रेक्षा जन्मल्यापासून बघत आलेली. तीही एकेक घुंगरू उचलून कानाशी हलवायची आणि मनाला येईल त्या वाटीत टाकायची. त्या दुपारी तिनं एक हलवला आणि थांबली. पुन्हा हलवला. मग मुक्यांच्या वाटीतला एक उचलून कानाशी नेला, कपाळाला आठ्या घालून हलवला, आणि परत मुक्यांच्याच वाटीत ठेवला. मग दुसरा. मग तिसरा. एकही चुकला नाही. पद्माआत्याच्या हातातला चिमटा गळून पडला, आणि त्या आवाजानं प्रेक्षानं मान वळवली.

डॉक्टरांनी बजावलं, सगळं सावकाश होऊ द्या. घरातले मोजके, हलके आवाज. गर्दी नको, गलका अजिबात नको. त्रिशलानं अक्षर न् अक्षर पाळलं. पोरीच्या समोर बसून, ओठ दिसतील असं, ती अगदी कुजबुजत बोलायची. पोटभर बोलायची सवय असलेल्या बाईला ते किती जड गेलं असेल! पण ती म्हणायची, आता काय, आता जन्म पडलाय बोलायला.

आणि मग पद्माआत्याच्या मनानं घेतलं. "पोरीच्या कानात नाव पडलंच न्हाई गं कधी. मी सांगितलं ते भिंतीला सांगितल्यागत झालं. पुन्हा बारसं करू."

"आत्या, डॉक्टरांनी गर्दी नको म्हटलंय."

"गर्दी कुठली? गल्लीतल्या आपल्या चार बायका. आणि कुर्रर्र करायचं ते कुजबुजून, मी सांगून ठेवीन सगळ्यांस्नी." आत्यानं तिचा हात धरला. "मान मला नको या खेपेला. माझ्या तोंडानं झालं तेवढं बास. नाव तू सांग."

आपल्याच तोंडानं आपल्या पोरीच्या कानात नाव. त्रिशलाला तिथं नाही म्हणता आलं नाही. तुम्हाला-आम्हालाही आलं नसतं.

बायका आल्या त्या पैंजण काढून, चवड्यांवर चालत. सगळ्या तोंडावर बोट ठेवून एकमेकींना दटावत होत्या. प्रेक्षाला मध्ये पाटावर बसवलं. त्रिशला वाकली, तिच्या कानाला ओठ लावले आणि म्हणाली, "प्रेक्षा." पोरगी हसली. गालाला खळी पडली. तिनं ती आपल्याच बोटानं दाबून दाखवली, हे नाव माझं, असं.

जन्मभराची सवय कुठं जाते? नाव कानात पडलं रे पडलं, एकीचा हात आपसूक वर गेला आणि त्रिशलाच्या पाठीत धपाटा बसला. त्यासरशी दुसरीचा. आणि कुजबुजायचं ठरलेलं कुर्रर्र सगळ्यांच्या गळ्यातून एकदम, जोरात, हसत बाहेर पडलं. त्यात कुणाच्या मनात काळं नव्हतं, सगळ्यांना नुसता आनंद झाला होता.

प्रेक्षाचे डोळे मोठे झाले. छातीवर कुणी लाथ मारावी तसं तिचं अंग पाटावरून उडालं. राखणदारानं आपलं काम केलं होतं. ती किंचाळली, आणि जन्मात पहिल्यांदा तिला स्वतःची किंकाळी ऐकू आली.

जीव वाचला. मिरजेच्या दवाखान्यात पोरगी गादीवर पडलेली, पडद्यावर काळजाची रेघ एकसारखी चाललेली. अभिनंदन बोलला, नर्स बोलल्या, आत्या हुंदके देत काहीबाही पुटपुटली, रेघ तशीच राहिली. त्रिशला उशाशी वाकून म्हणाली, "बाळा, मी आहे हं." रेघ उसळली. यंत्र ओरडायला लागलं. डॉक्टर मुजावरांनी त्रिशलाचा दंड धरून तिला बाहेर काढलं.

"गलका कुणाचा होता ते तिला कळलंच नाही," डॉक्टर सावकाश सांगायला लागल्या. "झटक्याआधी तिच्या कानात शिरलेला आवाज तुमचा होता. तिच्या लेखी तो आवाज म्हणजे ते दुखणं. हे तिच्या मनात नाही, त्याच्याही खाली कुठंतरी बसलंय. तुमच्या चेहऱ्याला, हातांना ती घाबरत नाही. फक्त आवाजाला."

"सवय होईल ना?"

"प्रयत्न करू. अगदी हळू."

प्रयत्न केले. त्रिशलाचा आवाज भरून घेऊन इतक्या बारीक सुरात ऐकवायचा की नसल्यासारखा. रोज तसूभर वाढवायचा. रेघ थोडी हलायची, बसायची. त्रिशलाला आशा वाटायला लागली होती. घरात ती पोरीसमोर अवाक्षर बोलायची नाही. पण माणूस घरात किती सावध राहणार? एका सकाळी ती भाकऱ्या थापत होती, शेजारच्या शेगडीवर दूध वर आलं, आणि तोंडातून निघून गेलं, "आत्या, दूध बघा!" सोप्यात खेळणारी प्रेक्षा जागच्या जागी कोसळली. राखणदाराचा दुसरा झटका बसला.

अभिनंदन म्हणाला, "पुन्हा करू. आणखी हळू करू. डॉक्टर म्हणतात की जमेल कदाचित."

त्रिशलानं मान हलवली. ओठांसमोर बोटं गोल फिरवली, कुलूप लावल्यासारखी, आणि किल्ली त्याच्या तळहातावर ठेवली. काळजाचे थेंब येतील तेव्हा बघू, असं तिनं हातांनी सांगितलं. तो तळहाताकडे बघत रडला. तिच्या डोळ्यांतून टिपूस आलं नाही.

तेव्हापासून त्या घरात त्रिशला हातांनीच बोलते. बोलणं अगदीच साठलं की घरामागच्या कारखान्यात जाते. तिथं पॉलिशचा ड्रम फिरत असतो, त्याच्या खडखडाटात बाहेर काही ऐकू जात नाही. प्रेक्षा शाळेत गेलेली असताना एकदा आत्या तिच्यामागोमाग तिथं आली.

"मला बोल," आत्या म्हणाली. "मी आणली तुला या घरात. मीच ते बारसं काढलं. शिव्या घाल मला. पण अशी बघू नकोस."

आणि त्रिशला ओरडली. ड्रमच्या वर आवाज काढून ओरडली. कशाला आणलंत मला, कशाला मागितलंत, तुमच्या हौसेपायी माझी पोर! मग म्हणाली, तुम्ही नाही हो, मीच, थेंब मीच मागितले, माझा आवाज तिला ऐकवायचा मलाच सोस. घसा बसेपर्यंत ती ओरडत होती. आत्यानं तिला घट्ट धरलं. भाची आणि आत्या, सून आणि सासू, दोघी त्या यंत्राशेजारी खाली बसल्या, आणि तिथं मग त्रिशला पोटभर रडली.

प्रेक्षा बोलायला शिकली. कुणाकडून? आत्याकडून! म्हणून पोरगी बोलते ती अस्सल म्हातारीसारखी. "आगं बया," "काय सांगायचं आता," असलं काहीबाही. शाळेतल्या बाईंची हसून पुरेवाट होते. त्रिशलाही हसते. आपल्या पोरीच्या तोंडात आपला एकही शब्द नाही, हे तिला रोज कळतं, आणि रोज ती पोरीची वेणी घालता घालता ते ऐकत बसते.

यंदा वर्षाच्या तपासणीला तिघं मिरजेला गेली. प्रेक्षा आता पहिलीत आहे. थेंबांच्या आधीचं, बारशाचं, दुधाचं, तिला काही म्हणता काही आठवत नाही. डॉक्टर म्हणाल्या, "एकदा बघू या का? बऱ्याच दिवसांत बघितलं नाही. मी बटणावर बोट ठेवून बसते." त्रिशलाला काचेपलीकडच्या खोलीत बसवलं, काचेवर पडदा ओढला, तिच्यासमोर माइक ठेवला. काय बोलायचं हे तिनं गाडीत किती वेळा ठरवलं होतं. प्रत्यक्षात एवढंच निघालं, "प्रेक्षा, आई बोलतेय."

अलीकडच्या खोलीत ते अगदी बारीक सुरात वाजलं. रेघ उसळली. डॉक्टरांनी लगेच बंद केलं, गोड औषधाचा घोट पाजला, आणि रेघ खाली येईपर्यंत पोरीचा हात धरून बसल्या.

"कोण बाई हाय ती?" प्रेक्षानं विचारलं. "मला भ्या वाटतंय तिचं. परत नका लावू."

काचेपलीकडं त्रिशलाला ते स्पीकरवर ऐकू आलं. तिनं माइक बाजूला सारला, पदरानं तोंड पुसलं आणि अलीकडं आली. तिला बघताच पोरगी खुर्चीतून उतरून तिच्या कमरेला बिलगली. हातांनी भराभर सांगायला लागली, एक बाई बोलली, मी घाबरले, तू कुठं होतीस?

त्रिशलानं छातीवर तळवा ठेवला. इथंच होते.

"डॉक्टर," प्रेक्षा वळून म्हणाली, "माझ्या आईला पण थेंब द्या की."

"कशाला गं?"

"ती मुकी हाय. मी पण मुकी होतो, आजी म्हणती. तुम्ही थेंब दिलासा, मग मला बोलाय यायला लागलं." ती जरा विचारात पडली. "सुई टोचताना ती भ्याली तर मी धरतो तिला."

अभिनंदन खिडकीकडे तोंड करून उभा राहिला. मोठी माणसं गप्प बसलेली बघून पोरीला वाटलं, यांच्याजवळ औषध संपलं असणार. तिनं आईला खुणेनं खाली वाकवलं. गल्लीत परवाच एक बारसं झालं होतं, ते तिनं दारातून बघितलं होतं. आईचा कान तिनं दोन्ही हातांच्या ओंजळीत धरला, त्याला ओठ लावले, आणि आई दचकू नये म्हणून अगदी हळू म्हणाली, "आई. कुर्रर्र."

मग मागं सरून ती आईच्या तोंडाकडे बघत उभी राहिली.

त्रिशलाचे ओठ उघडले. आत सगळं तयार होतं, वर्षांचं साठलेलं. तिनं ओठ मिटले, आणि पोरीच्या खळीवर बोट टेकवलं.

"राहू दे गं," प्रेक्षानं तिचे गाल पुसत समजूत घातली. "लगीच येत नसतंय. मला पण लगीच आलं नव्हतं." आणि आईला नीट कळलं नसेल म्हणून तेच सगळं तिनं पुन्हा हातांनी सांगितलं.